सुलाबाईंचं ऊन

आमच्या डिंडोलीतल्या मॅचिंग सेंटरमध्ये गिऱ्हाईक आलं की पहिल्या मिनिटात त्याचं अपहरण होत असे. साडीवर ब्लाउजपीस मागायचा अवकाश, सुलाबाई काउंटरला वळसा घालून बाहेर येत, एका हातात साडी, दुसऱ्या हातात त्या बाईचं मनगट, आणि दोघींना सरळ रस्त्यावरच्या उन्हात नेऊन उभं करत. एकदा एका फौजदाराच्या बायकोने "अरे, क्यां लई जाओ छो?" असं ओरडून अर्धा बाजार गोळा केला होता. सुलाबाई शांत. "बेन, तडकामां जुओ. आतला ट्यूबलाइट लबाड आहे, सगळ्यांशी गोड बोलतो. ऊन तोंडावर खरं सांगतं." त्यांच्या बोलण्याची सुरुवात गुजरातीत व्हायची, मध्य मराठीत, आणि रागावल्या की शेवट अहिराणीत.

दुकान माझं, पण डोळे त्यांचे. मला लाल म्हणजे लाल. त्यांना लालात कुंकू दिसे, डाळिंब दिसे, वीट दिसे, पान खाल्लेली जीभसुद्धा दिसे. मूळच्या शिरपूरकडच्या, नवरा हिलाल पांडेसऱ्यातल्या रंगाच्या मिलमध्ये. घरात दोघंही रंगावर जगत, पण हिलालच्या हाताला तो लागायचा आणि सुलाबाईंच्या नजरेला. मला त्या शिकवायला बघत. लाल कापडाची पातळ चिंधी आधी पांढऱ्या कापडावर ठेवत, मग काळ्यावर. "दखा शेठ. चिंधी तीच. पांढऱ्यावर कुंकू, काळ्यावर जांभूळ. रंग एकटा कधी दखू नका, तो कोणावर बसला ते दखा." मी मान डोलवत असे. चहा येईपर्यंत विसरलेलो असे.

सुलाबाई काळ्या होत्या. सावळ्या, गव्हाळ, निमगोऱ्या असली लग्नाच्या स्थळांतली भाषा त्यांना चालत नसे. "मी कायी शे," त्या गिऱ्हाइकांना ठणकावून सांगत, "म्हणून तर माले दुसऱ्याचा रंग बरोबर दिसस."

अडतिसाव्या वर्षी त्यांच्या गालांवर काळपट डाग आले. नाकावरून दोन्हीकडे पसरलेले. मग बोटं सकाळी आखडायला लागली, केस कंगव्यात राहायला लागले, अंगात बारीक ताप. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडून, ट्यूबलाइटखाली, खुर्चीतून न उठता पाहिलं आणि म्हणाले, वांग आहे. मलम दिलं. बोटांसाठी दुसरे डॉक्टर म्हणाले, वात आहे. केसांसाठी तिसरे म्हणाले, बोअरचं पाणी. चौथ्यांनी हिलालचा व्यवसाय विचारला आणि खूश झाले: नवऱ्याच्या कपड्यांवरच्या रंगाची अ‍ॅलर्जी! हिलाल बिचारा महिनाभर गॅलरीत कपडे बदलत होता. समोरच्या बिल्डिंगला रोज फुकट खेळ.

आणि मी? मी काय कमी नट आहे! दुकानात चार बायका असल्या की हात नाटकी वर करून म्हणायचो, "सुलाबाई, तुमची शेड गडद व्हायला लागली, आता मॅचिंग मिळणं अवघड!" हमखास हशा. सुलाबाईही हसायच्या. दोन वर्षं मी तो विनोद वापरला. आणि त्या दोन वर्षांत त्या रोज पन्नासदा उन्हात जाऊन उभ्या राहत होत्या, दरवेळी दुसऱ्याच्या ब्लाउजपीससाठी. मला त्याचा अभिमान होता. डिंडोलीत असं मॅचिंग दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळत नसे.

मग एका दुपारी हेतलबेन आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, दुधात केशर घातल्यासारखा वर्ण. सुलाबाईंनी नेहमीप्रमाणे मनगट धरलं, तर हेतलबेननी हात सोडवला. "ना ना, मने तडकानी ना पाडी छे." डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केली होती.

"उन्हाची बंदी? ती का?" सुलाबाईंनी विचारलं.

हेतलबेननी फोन काढून आजार सुरू झाला तेव्हाचा फोटो दाखवला. गोऱ्या गालांवर, नाकावरून दोन्हीकडे, लालभडक पंख पसरलेलं फुलपाखरू. ल्युपस म्हणतात, त्या म्हणाल्या. आपलंच रक्त आपल्या अंगावर उलटतं, उन्हाने आणखी भडकतं. सांधे, केस, ताप. "मारा डॉक्टर तो जोईने ज समजी गया." बघताक्षणीच ओळखलं म्हणे.

सुलाबाई फोटोकडे बघत राहिल्या. मग काउंटरवरचा हातआरसा उचलून एकट्याच बाहेर गेल्या. आरसा तोंडासमोर धरून, मान डावीकडे, उजवीकडे. पदराची कड बघावी तसा स्वतःचा चेहरा तपासला. परत आल्या आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या,

"शेठ, डिझाईन तेच आहे. कापड वेगळं."

मी तोंड उघडलं, कारण मला तोंड उघडायची सवय आहे. पण विनोद आला नाही.

हेतलबेनच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. सुलाबाई, हिलाल आणि मी. चांगले होते ते, तरुण, चष्मेवाले. त्यांनीही खुर्चीतूनच पाहिलं आणि "लाली तर दिसत नाही" असं काहीतरी सुरू केलं. सुलाबाई उठल्या, टेबलाला वळसा घातला आणि डॉक्टरांचं मनगट धरलं.

"साहेब, उजेडमा चाला."

बाहेरच्या व्हरांड्यात, दहा-बारा रुग्णांच्या देखत, त्यांनी डॉक्टरांना उभं केलं. पर्समधून लाल चिंधी काढली, डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर ठेवली, मग आपल्या मनगटावर. "इथं लाल. इथं जांभळी. आता माझं तोंड दखा."

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "आम्ही शिकलो त्या पुस्तकातले सगळे फोटो गोऱ्या माणसांचे होते."

"आणि दवाखान्यातली माणसं?" सुलाबाईंनी विचारलं. डॉक्टर आत जाऊन तपासण्यांची चिठ्ठी लिहायला बसले.

तपासण्या झाल्या. ल्युपसच होता, आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. डॉक्टर प्रामाणिकपणे समजावत होते: हा आजार सगळ्या लोकांत सारखा वागत नाही. युरोपातल्या गोऱ्यांपेक्षा आफ्रिकेकडच्या, आपल्याकडच्या लोकांत तो मूत्रपिंडावर जास्त उतरतो, जास्त जोर करतो.

"म्हणजे काळ्याला जास्त जोरात होतो?" सुलाबाईंनी विचारलं. "का काळ्याचा उशिरा दिसतो, म्हणून जोर वाढतो?"

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "दोन्ही असावं, बेन. किती कशामुळे, ते मला सांगता येणार नाही."

"दोन वर्षं तर माझी इथल्या इथंच गेली, साहेब. त्यात आफ्रिकेचा काय संबंध?"

त्यानंतर सुलाबाईंना उन्हाची बंदी झाली. त्या टोपी, गॉगल, लांब बाह्या घालून, चेहऱ्याला ओढणी गुंडाळून दुकानात येत, आणि मी म्हणायचो, "आली बघा चंबळची राणी!" त्या हसाव्यात म्हणून. कधी हसत. पण ट्यूबलाइटखाली मॅचिंग करायला त्यांनी साफ नकार दिला. "खोटं सांगणार नाही मी." मग गिऱ्हाइकाला घेऊन मी उन्हात जाई आणि आत येऊन त्यांना वर्णन करी. "लाल आहे." "कसा लाल?" "लाल म्हणजे... लाल." "अरे देवा, आंधळ्याले दुकान दिलं आणि माले डोळे!" नवीन गोळ्यांनी त्यांचा चेहरा सुजून गोल झाला होता, पाय खांबासारखे. बोलता बोलता त्या दाराकडे सरकत. उंबऱ्याशी ऊन येऊन थांबायचं, तिथे. मी त्यांना आत ओढी. त्या वर्षात मी दिवसातून दहादा त्यांना आत ओढलं असेल. ज्या दोन वर्षांत ओढायला हवं होतं, त्या वर्षांत मी हशे गोळा करत होतो.

हेतलबेन आजही येतात. तब्येत बरी असते. छत्री घेऊन येतात, चांगल्या बाई आहेत, सुलाबाईंचं नाव निघालं की त्यांचे डोळे भरतात. त्यांचा काही दोष नाही. त्यांचं फुलपाखरू लाल होतं, एवढंच.

सुलाबाई वैशाखात गेल्या. घरापुढे मांडव घातला होता, पण तो आखूड पडला आणि सूर्य सरकला तसं भर दुपारचं ऊन तिरडीवर आलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्या उन्हात होत्या आणि त्यांना कोणी आत ओढत नव्हतं. भावाने शिरपूरहून माहेरची हिरवी साडी आणली होती. वर ठेवलेलं ब्लाउजपीस एक शेड पिवळं होतं. असला गुन्हा त्यांनी जन्मात खपवून घेतला नसता.

आणि चेहरा. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेले ते पंख, गडद, जांभळट, कडा अगदी स्पष्ट. हिलालच्या मिलमधल्या छपाईलाही इतकी साफ कड येत नाही. कोणालाही दिसलं असतं.

मांडवाच्या सावलीत उभी असलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "वांग फार होतं हो हिला."

मी पुढे गेलो. चारचौघांत परक्या बाईचं मनगट धरू नये हे मला कळतं. पण मी धरलं, आणि तिला दोन पावलं पुढे, उन्हात आणलं.

"इथून बघा," मी म्हणालो.