थोरल्या जांभळीची बी

"आ करा गुरुजी. चेकिंग हाय."

देवराईच्या शिवेवर काठी घेऊन उभा असलेला साठीचा माणूस मला, शाळामास्तराला, तोंड उघडायला लावत होता, आणि मी उघडलंही. फौजेतनं निवृत्त होऊन आलेला. गावानं देवराईची राखण त्याच्याकडं दिली होती. सगळे त्याला हवालदारच म्हणत. नियम असा, की देवाच्या रानातली जांभळं पोटभर खावीत, पण बी तिथंच थुंकायची. काडीसुद्धा शिवेबाहेर न्यायची नाही. माझ्या गालात एक बी सापडली. ती झाडाखाली टाकून यायला त्यानं मला परत पाठवलं. गेलो बापडा.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पलूसचा, उसातला माणूस. बदली झाली महाबळेश्वराच्या खालच्या अंगाच्या खेड्यात. रान कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. पण विज्ञान शिकवायचो ना! म्हणून हवालदार आपले प्रश्न माझ्याकडं आणी, आणि मी तोंडाला येईल ते ठोकून देई. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

त्याला घोर एकाच झाडाचा. देवराईतली थोरली जांभळ. तिच्या फळाला तुरटपणा म्हणून नव्हता. तशी चव पंचक्रोशीत दुसरीकडं नाही. पण बुंधा पोकळ झालेला, आणि मागं तिचं एकही रोप नाही. म्हणजे, उगवायची भरमसाट. श्रावणात झाडाखाली पाय ठेवायला जागा नसे. दिवाळीपर्यंत मातीलगत देठ काळे पडून सगळी आडवी व्हायची.

"सावलीनं मरत असतील," मी म्हणालो.

त्यानं मला हाताला धरून नेलं. थोरलीच्याच गच्च सावलीत आंब्याची कोय रुजून मस्त तरारली होती.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं रोपं विरळ केली, हात-हात अंतरावर. "फौजेच्या ब्यारकीत खाटा चिकटल्या की एकाचा ताप सगळ्यास्नी. खाटा लांब करून बगू तरी." त्या वर्षी दिवाळी झाली तरी रोपं उभी होती. गड्यानं खुशीत मला घरी नेऊन चहा पाजला. शिमग्यापर्यंत तीही एकेक करून गेली. झाडाखाली तो नुसता बसून होता. मला फार वाईट वाटलं. पहिल्यांदाच मी खरं बोललो, की मला काही कळत नाही.

आठवड्यानं मधल्या सुट्टीत तो शाळेत आला.

"गर्दी काढली तर मराण लांबलं, टळलं न्हाई. उरल्याला दोष मातीत हाय. म्हातारीच्या पायाशी रोग मुरलाय गुरुजी. ती थोराड, तिला पचतो. पोरास्नी न्हाई पचत. लांब न्यायला पायजेत."

लांब म्हणजे शिवेबाहेरच. देवराई ती केवढीशी, आणि थोरली मधोमध. आणि इतकी वर्षं हाच माणूस आम्हाला बिया तिच्याच पायाशी टाकायला लावत होता! देवाला कौल लावून विचारा, असं मी सुचवलं.

"आन् न्हाई म्हनला तर?"

त्यानं विचारलंच नाही. त्या ज्येष्ठात शिवेवर गाठ पडली, मी रामराम केला. त्यानं नुसती मान हलवली. गाल फुगलेला होता. मी काही पाहिलं नाही.

पुढच्या वैशाखात वळवाच्या वाऱ्यानं थोरली उन्मळून पडली. याच्या राखणीत देवाचं झाड गेलं, काहीतरी पाप घडलं असणार, असं गाव बोलू लागलं. देवळापुढं बैठक बसली आणि राखण काढून घेतली. तो ताठ उभा राहून ऐकत होता. मी बोलायला उठणार तोच त्यानं माझं मनगट दाबलं. नंतर म्हणाला, "कळलं तर देवाची चोरी म्हनून रोपं उपटत्याल. मला लागू दे बट्टा." मी गप्प राहिलो, आणि त्याची बोचणी मला अजून आहे.

माझी बदली झाली. दोनेक वर्षांनी तो गेल्याचं कळलं, तेव्हा घरच्यांना भेटायला गेलो. त्याची बायको ओढ्यापलीकडच्या त्यांच्या शेतात होती. वाट दाखवायला त्याच्यामागून राखण मिळालेला गडी बरोबर आला. बांधावर तीन कोवळ्या जांभळी उभ्या होत्या, तिच्या डोक्यावर गेलेल्या.

"वैनी, ह्या कुनी लावल्या?" गड्यानं विचारलं.

"पाखरानं टाकल्या आसत्याल," ती म्हणाली. खुरपं थांबलं नाही.

गडी एका जांभळीपासून दुसरीपर्यंत चालत गेला, तिथून तिसरीपर्यंत. दोन्हीकडं वीस-वीस पावलं भरली. त्यानं वळून देवराईकडं बघितलं. मग त्यानं टोपी काढली.

"लय शानं पाखरू हुतं," तो म्हणाला.