डेडस्टॉकात गेलेली अक्षरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अक्षरकार्डांचे वीस संच माझ्या शाळेच्या कपाटात होते आणि मी एका आईला तोंडावर सांगितलं, की ते आलेच नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पाटणकडचा, नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. पलूसजवळच्या एका गावात दोनशिक्षकी शाळा, एक हेडगुरुजी आणि एक मी. पहिलीचा वर्ग माझ्याकडं. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात तालुक्याहून पत्र्याची पेटी आली. आत मणी, रंगीत कांड्या, लाकडी घड्याळ आणि तळाशी सुतळीनं बांधलेली कार्डं. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला चित्र. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की संच पहिलीच्या मुलांच्या घरी द्यावेत आणि योग्य ती नोंद ठेवावी.

मी गोंधळलो. द्यायचे म्हणजे कायमचे, की परत घ्यायचे? फाटले तर? त्या कांड्यांचं वर्गात नेमकं काय करायचं हेही कळेना, आणि कुणाला विचारावं तर हसतील. शेवटी कागद हेडगुरुजींपुढं धरला.

"नोंद ठेवा म्हणलंय न्हवं? मग चढवा डेडस्टॉकला."

डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही. टेबल, घंटा, नकाशे, सगळं त्यात.

"पण गुरुजी, घरी द्या असंही म्हटलंय."

"द्या की. मग उद्या बदली झाल्यावर चार्ज कशाचा देणार? सासऱ्याचा?"

मला अजून सासरा नव्हता. मी हसलो आणि वीसच्या वीस संच रजिस्टरला चढवले. त्या घटकेपासून ती कार्डं आणि शाळेची घंटा एकाच जातीची झाली. तालुक्याचे साहेब तपासणीला यायचे असले की पेटी काढायची, पुसायची, टेबलावर मांडायची. साहेब गेले की परत कपाटात.

जुलैमध्ये एक बाई शाळेत आली. नवरा फौजेत. मुलगी पहिलीत दुसऱ्यांदा बसलेली. आज ओळखलेलं अक्षर तिला उद्या परकं वाटायचं. बाई पायरी न चढता खालीच उभी राहिली.

"गुरुजी, कुंडलला माझ्या भणीच्या पोरीला शाळंतनं अक्षरांची चित्रं मिळाल्यात. आपल्यात आल्यात का?"

कपाट माझ्या पाठीशी होतं, किल्ली खिशात.

"अजून नाहीत आली, वहिनी."

"आली की सांगा. मालक दिवाळीला सुट्टीवर येत्यात. तवापतूर पोरगी वाचाय लागली तर शाळा, न्हाईतर म्हशीमागं, आसं लिवलंय त्येंनी. तुमीच तर वाचून दावलं हुतं."

खरं होतं. गावातल्या फौजींची पत्रं मीच वाचायचो. ते वाक्य गाळावं असं मनात आलंही होतं, पण गाळलं नाही. तिथं मी प्रामाणिक राहिलो होतो. दोन्हीकडं तोंड माझंच, मग त्या दिवशी त्यातून हे खोटं कसं आलं, ते मला अजून उलगडत नाही.

पंधरवड्यानं ती पुन्हा आली, पदरात काहीतरी झाकून. साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून त्यावर पिठाच्या खळीनं कागदाचे तुकडे चिकटवले होते. कागद नवऱ्याच्या पत्रांचे. अक्षरं असलेलं तिच्या घरात दुसरं काही नव्हतं.

"एकेक अक्षार कापून काडलंय. पोरं शाळंत म्हणत्यात तसं वळीनं लावलंय. ह्यो अ, ह्यो आ. बरूबर हाय न्हवं?"

तिला वाचता येत नव्हतं. जिथं मोकळी जागा दिसली तिथं तिनं कात्री चालवली होती, त्यामुळं हातात आले होते ते अख्खे शब्द. तिच्या 'अ'च्या पुठ्ठ्यावर होतं 'मजेत'. 'आ'च्या पुठ्ठ्यावर 'काळजी'.

हे चुकलंय म्हणालो असतो, तर ती विचारणार, मग बरोबर कुठली? बरोबर होती ती माझ्या पाठीमागं चार हातांवर.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

पोरगी ती कार्डं घेऊन दिवाळीपर्यंत बसली. वर्गात मी फळ्यावर 'आ' काढायचो, आणि ती माझ्याकडं अशी बघायची, की जणू चूक फळ्याचीच आहे.

दिवाळीनंतर बाई नाव काढायला आली. सुट्टीवर आलेल्या वडिलांनी पुस्तक पुढं धरलं होतं, पोरीला एकही अक्षर ओळखता आलं नव्हतं. मग तिनं मोठ्या हौसेनं आपली कार्डं आणून त्यांना म्हणून दाखवली.

"रागावलं न्हाईत," बाई म्हणाली. "आपलीच पत्रं वळखून पुस्तक मिटलं त्येंनी. चूक माझीच, गुरुजी. मला येत न्हाई आन मी शिकवाया गेले. तुमी बरूबर हाय म्हनलासा, पर माझ्याच हातनं माघारी उलटसुलट झालं आसंल."

मी मान खाली घालून हजेरीपटावर त्या नावावर रेघ मारली.

दोन वर्षांनी माझी साताऱ्याकडं बदली झाली. चार्ज घेताना नव्या गुरुजींनी पेटी उघडली. सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "लय जपलंय हो तुमी," ते म्हणाले, आणि वीस संच सुस्थितीत मिळाल्याची सही केली.

हेडगुरुजींना भ्यालो, रजिस्टरला भ्यालो, की त्या पेटीतलं मला स्वतःलाच कळत नव्हतं याची लाज वाटली? इतकी वर्षं झाली, कधी हे खरं वाटतं, कधी ते. आता जूनमध्ये घरी द्यायचं काही आलं, की मी पहिल्याच दिवशी वाटून टाकतो. त्यानं काही फिटत नाही.

त्या घराला मी कार्डांचा एक संच देणं लागतो. आणि त्या आईला हे सांगणं, की चूक तिची नव्हती, माझी होती.