मख्ख आणि भोंगा

माझा धाकटा भाऊ पत्ते खेळून पोट भरतो. असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरलेला माणूस उभा राहतो: विस्कटलेले केस, तोंडात सिगारेट, बायकोचे दागिने गहाण. तो माणूस माझा भाऊ नव्हे. माझा भाऊ वेळेवर झोपतो, सकाळी पोहायला जातो आणि घराचे हप्ते त्याने कधीच फेडून टाकलेत. पोकर खेळणाऱ्यांत त्याचं नाव फार वरचं आहे म्हणतात. किती कमावतो ते मी सांगणार नाही, कारण मग तुम्ही तेवढंच लक्षात ठेवाल.

मी त्याला मख्ख म्हणते. लहानपणी तो मख्ख अजिबात नव्हता. हसरा, रडका, भांडकुदळ, सगळंच होता. काही सांगायला लागला की असे हातवारे करायचा, की समोरच्याने दोन पावलं मागे सरकावं. मख्ख तो धंद्यामुळे झाला.

माझं चष्म्याचं दुकान आहे. तो ज्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर खेळतो ते आमच्याच रस्त्याच्या टोकाला. सुरुवातीच्या वर्षांत खेळ संपला की तो धावत दुकानात यायचा आणि काउंटरवर चष्म्याच्या डब्या मांडून अख्खा डाव मला समजावून सांगायचा. ही तपकिरी डबी म्हणजे मी, ही निळी म्हणजे तो टकलू, आता बघ ताई, टकलूने काय केलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण त्याच्या तोंडाकडे बघत बसायला मजा यायची. पुढे तो डब्या मांडेनासा झाला. यायचा, स्टुलावर बसायचा, समोरच्या भिंतीकडे बघायचा.

"काय झालं आज?"

"जिंकलो."

"मग?"

"मग काय."

हरला तरी हेच, याच आवाजात. मला राग यायचा. जिंकून आलेल्या माणसाने निदान चहा तरी सांगावा.

एकदा त्याच्या काळ्या चष्म्याची काडी निखळली, ती बसवून द्यायला मी त्या खोलीत गेले होते. चष्मा माझ्याच दुकानातला, खेळताना डोळे दिसू नयेत म्हणून घालतो. मला वाटलं होतं, तिथे श्वास रोखून धरावा लागेल. खरं सांगते, मला जांभई आली. खिडकी नाही, घड्याळ नाही, पाय रुतावेत एवढा जाड गालिचा. गोल टेबलाभोवती काही पुरुष बसलेत. वाटणारी बाई पत्ते वाटते, प्रत्येक जण अंगठ्याने पत्त्यांचा कोपरा वर करून बघतो आणि ते परत ढकलून देतो. परत वाटप, परत ढकलणं. माझ्या भावाने मी असेपर्यंत एकही डाव खेळला नाही.

"हे काय चाललं होतं?" मी नंतर विचारलं.

"खेळ. वाईट पत्ते आले की टाकून द्यायचे, आणि बहुतेक वेळा वाईटच येतात. टाकून द्यायचा कंटाळा ज्याला येत नाही तो जिंकतो."

"आणि सगळेच तसे असले तर?"

"म्हणून तर लाकूडवाला लागतो."

लाकूडवाला म्हणजे इमारती लाकडाचा एक मोठा व्यापारी. खेळायची हौस दांडगी, अक्कल बेताची. तो आला की टेबल भरतं, तो उठला की सगळे कोट उचलतात, कारण उरलेल्यांना एकमेकांकडून काही मिळण्यासारखं नसतं. लाकूडवाल्याला विनोद सांगायची खोड आहे, आणि त्या टेबलावरचे सगळे हुशार लोक ते विनोद पुन्हा पुन्हा ऐकून बरोबर जागी हसतात. आपल्याला हे लोक कंटाळलेत असं त्याला वाटलं तर तो दुसरीकडे जाईल.

"म्हणजे तुझी नोकरी हसण्याची आहे," मी म्हटलं.

"हो. आणि उरलेल्या वेळात न हसण्याची."

हे तो गमतीने म्हणाला असता तर मी हसले असते. पुढे म्हणाला, "आधी नुसता चेहरा आवरायचा होता, ताई. पण आत मन उड्या मारत असेल तर बाहेर कुठेतरी फुटतंच. म्हणून मग आतलंही आवरलं. डाव बरोबर खेळलो की नाही एवढंच बघायचं. मग जिंकलो काय, हरलो काय."

त्याच्यासारखे इतरही आहेत त्या खोलीत. एकाने घोडे घेतले आणि आता घोड्यांनाही कंटाळला. एक जण घड्याळं जमवतो, जिथे वेळ कळू नये म्हणून घड्याळ लावत नाहीत तिथे ती घालून बसतो. एक तर मुद्दाम हरायला लागला, जरा काही वाटावं म्हणून. माझ्या भावाने काय केलं ते त्याने मला एका संध्याकाळी सांगितलं. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आज मी पत्ते न बघता खेळलो."

"म्हणजे?"

"कोपरा वर करायचो, नजर तिथे न्यायचो, पण बघायचो नाही. नुसती त्यांची तोंडं बघून खेळलो. दुपारभर."

"आणि?"

"जिंकलो."

मला वाटलं, बढाई मारतोय. मग बघितलं तर त्याने माझ्या काउंटरची कड घट्ट धरली होती. "मग मी इतकी वर्षं बघत काय होतो?" तो म्हणाला. मी चहा सांगितला. तो त्याने तसाच ठेवला.

त्याला पोकरशिवाय दुसरं येत काही नाही. सोड म्हणून मी सांगून पाहिलं. सोडून काय करू, असं त्याने मलाच विचारलं. माझी भावजय औषधाच्या दुकानात काम करते, दिवसभर दुखणाईत लोक बघून घरी येते आणि घरी हा. ती भांडते, हा ऐकून घेतो. "भांडण सुद्धा टाकून देतो हो ताई," ती मला म्हणाली, "पत्ते टाकावेत तसं."

पण त्या घरात रविवार होता.

त्यांच्या मुलीला आम्ही भोंगा म्हणतो. जन्मली तेव्हा तिच्या रडण्याने खालच्या मजल्यावरचे लोक वर विचारायला आले, तेव्हापासून हेच नाव. आनंद झाला तरी भोंगा, गुडघा खरचटला तरी भोंगा. रविवारी दुपारी बापलेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते खेळत, पैशांऐवजी शिवणाच्या डब्यातली जुनी बटणं लावून. चांगला पत्ता आला की भोंगा स्टुलावर पाय वर घेऊन बसे आणि स्टूल कुरकुरे. वाईट आला की ओठ बाहेर. आणि मख्ख हसायचा. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, हातवारे करून, पूर्वीसारखा. मी रविवारी मुद्दाम त्यांच्याकडे जेवायला जायची ती ते बघायलाच. भावजय भांडी विसळता विसळता नळ बंद करून ऐकत उभी राहायची. "हा रविवार गेला ना ताई," ती एकदा हळूच म्हणाली, "तर माझ्या घरात एक भाडेकरू उरेल."

तो रविवार त्याने स्वतःच्या हाताने घालवला.

झालं असं की भोंगा एकदा सारखी हरली आणि तिने भोकाड पसरलं. "तुला कसं कळतं रे बाबा? दर वेळी कसं कळतं?"

दुसरा कुणी बाप असता तर म्हणाला असता, मी मोठा आहे म्हणून. किंवा पुढचा डाव हरला असता. ह्याने खरं सांगितलं. "तुझ्या तोंडावरून कळतं."

"मग मी काय करू?"

आणि मख्ख खुर्ची पुढे ओढून बसला. जीभ टाळूला लावून ठेव. श्वास हळू घे. भिंतीवरची एक जागा धर आणि आपलं काहीही होत नाहीये असं मनात म्हण. नुसतं तोंड आवरून भागत नाही, आत पण तसंच वाटायला हवं. "मला नाही येत," ती म्हणाली. "येतं," तो म्हणाला, "सराव केला की जमतं." इतक्या वर्षांत पत्त्यांबद्दल बोलताना त्याचे डोळे असे लकाकलेले मी पाहिले नव्हते. मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, हे लिहिताना माझंच मला हसू येतं. आम्ही तिघेही मोठी माणसं तिथे होतो आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

भोंगा सरावाला माझ्या दुकानात यायची, कारण तिथे आरसे भरपूर. शाळा सुटली की एकेका आरशासमोर उभी राहायची. मग माझ्याकडे वळून, "आत्या, ओळख. मला चॉकलेट हवंय की नकोय?" पहिल्यांदा मी लगेच ओळखायची. मग विचार करावा लागायला लागला. मग ओळखता येईना, आणि मी तिला चॉकलेट द्यायची ते मी हरले म्हणून.

रविवारी आता दोन सारखे चेहरे समोरासमोर बसू लागले. स्टूल कुरकुरेना. बटणं नुसती इकडून तिकडे जात. काही रविवार असे गेले आणि मख्खाचं डोकं दुखायला लागलं. जेवला की आडवा व्हायचा. भोंगा टेबलावर बटणं मांडून बसायची, हाक मारायची नाही, कारण हाक मारणं म्हणजे हवंय असं दाखवणं. थोड्या वेळाने बटणं डब्यात भरायची.

मी त्याला दुकानात गाठलं. "पोरीशी खेळत का नाहीस?"

"काय सांगू. चांगली खेळते आता. समोर त्या खोलीतलाच कुणी बसल्यासारखं वाटतं."

"शिकवलं कुणी?"

"मीच. बरोबर शिकवलं."

"बरोबर," मी म्हटलं. "तुझं सगळं बरोबरच असतं." गिऱ्हाईक आलं म्हणून मी गप्प बसले, नाहीतर त्या दिवशी मी त्याला दुकानातून घालवून दिलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भावजयीचा फोन आला. भोंग्याचा हात सुजलाय, दवाखान्यात ये. मी समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावरून नंबर तपासायची चौकट काढून घेतली, माफ करा म्हटलं आणि शटर ओढलं.

शाळेत ती व्यायामाच्या दोरावरून पडली होती, मधल्या सुट्टीच्या आधी. कुणाला सांगितलं नाही. सगळे तास बसून काढले, दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेऊन घरी आली. स्वेटर काढता येईना तेव्हा आईने बाही वर केली, तर मनगट सुजून वाकडं झालेलं.

दवाखान्यात भोंगा पलंगावर पाय सोडून बसली होती. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलंय. पण पोर हूं की चूं करत नाही. फारच धीट आहे." भावजयीने तोंड फिरवलं आणि खिडकीकडे गेली.

तेवढ्यात मख्ख आला. लाकूडवाला बसलेला असताना टेबलावरून उठून आला होता, त्यांच्यात असं कुणी करत नाही. काळा चष्मा अजून नाकावर होता, तो त्याने काढला. पोरीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागला. तोंडं बघूनच त्याने आयुष्य काढलं. तो बघत राहिला, बघत राहिला.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"खरं सांग."

"तू ओळख," भोंगा म्हणाली.

त्याला ओळखता येईना. ते मला दिसलं, भावजयीलाही दिसलं. भोंग्यालाही दिसलं असावं, कारण ती जरा पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी आता खूप चांगली झालेय ना? शाळेत सुद्धा कुणाला कळलं नाही. आता रविवारी खेळशील?"

माझ्या भावाचं तोंड तसंच होतं, ओठ मिटलेले, कपाळ सपाट. भोंगा त्या तोंडावर उत्तर शोधत होती, हो की नाही, खूश झाला की नाही. तिला तिथे काहीच सापडलं नाही तशी ती परत समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. जीभ टाळूला लावलेली होती, मला गालावरून कळलं.

मला राहवलं नाही. "अरे, रड की मेल्या," मी म्हटलं. "तिच्यासमोर एकदा रड."

त्याने प्रयत्न केला. जबडा हलला, मान ताठ झाली, पलंगाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली. मग माझ्याकडे वळला.

"येत नाहीये, ताई," तो म्हणाला.

भोंग्याने आपला चांगला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"येतं बाबा," ती म्हणाली. "सराव केला की जमतं."