उन्हातलं पिंप

कुसुमताई बिरादार गेली एकोणीस वर्षं हैदराबादच्या एका मत्स्यप्रयोगशाळेत टाक्या सांभाळतात. काम कंत्राटी, दर मे महिन्यात नव्याने मिळणारं. चिक्कडपल्लीहून बसने येऊन त्या सकाळी दहाला आठही टाक्यांचं तापमान नोंदवतात, मरळ माशांना खाद्य घालतात आणि दुपारी तीनला प्रत्येक टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदलतात. भालकीकडच्या शेतकरी घरातल्या या बाईने नोकरी लागेपर्यंत जिवंत मरळ पाहिला नव्हता. आता मासा पोहतो कसा, एवढ्यावरून तो आजारी आहे का हे त्या सांगतात.

नळाचं ताजं पाणी माशांना चालत नाही. त्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून ते पिंपात भरून दिवसभर उघडं ठेवावं लागतं. खोलीत जागा नसल्याने पिंपं गच्चीवर असतात, एक सावलीत, एक उन्हात. सावलीतलं पाणी सहा टाक्यांना पुरायचं. सात आणि आठ नंबरला उन्हातलं जायचं.

त्याच दोन टाक्यांत तन्वीचा प्रयोग चालू होता. तन्वी पुण्याची, पीएच.डी.चं चौथं वर्ष. जवसाचं तेल मिसळलेल्या खाद्यामुळे मासे उन्हाळ्यात तापलेलं पाणी अधिक सोसतात का, हा तिचा प्रश्न. चाळीस दिवसांनी चाचणी झाली. पाणी हळूहळू तापवायचं, मासा तोल जाऊन कलंडला की आकडा लिहायचा आणि त्याला लगेच गार पाण्यात सोडायचं. सात-आठमधले मासे इतरांपेक्षा दीड अंश जास्त टिकले. शोधनिबंध शुक्रवारी पाठवायचा ठरला.

बुधवारी डबा खाताना तन्वीने कुसुमताईंना हे समजावून सांगितलं. बाकी सगळं सारखं होतं, फक्त खाद्य वेगळं, म्हणून हा खाद्याचाच गुण, असं ती म्हणाली. कुसुमताईंनी भाकरी अर्धी ठेवून डबा बंद केला. नव्या वर्षाचं कंत्राट अजून हातात आलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्या तन्वीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"सगळं सारखं नव्हतं. त्या दोन टाक्यांना मी उन्हातलं पाणी घालत होते."

"किती गरम?"

"तू अंघोळीला घेशील तितकं."

तीन वाजता तन्वी थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेली. एक्केचाळीस अंश. रोज दुपारी त्या माशांचं पाणी तीन-चार अंशांनी चढत होतं आणि रात्रीतून उतरत होतं. वहीत फक्त सकाळी दहाची नोंद असल्याने हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खाली येऊन तिने विचारलं, "ताई, आधी का नाही सांगितलंत?"

"मला काल कळलं की त्याने फरक पडतो. आधी कुणी विचारलंच नाही."

प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रियदर्शिनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. निबंध थांबवला. नवे मासे आणून प्रयोग उलटा करा, म्हणाल्या: तेलाच्या खाद्याला सावलीतलं पाणी, साध्या खाद्याला उन्हातलं. कुसुमताई दाराशीच उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मॅडमनी तन्वीला सांगितलं, "कुसुमम्माचे कंत्राटाचे कागद आजच पाठव. ही गेली तर कुठलं पिंप कुठल्या टाकीला, हे कोण सांगणार?"

जूनमध्ये निकाल आला. तेलाचा काहीच उपयोग नव्हता. साधं खाद्य खाणारे, पण रोज थोडा वेळ गरम पाणी मिळालेले मासे दीड अंश जास्त टिकले होते. तन्वीच्या प्रबंधाचा विषय बदलला, एक वर्ष वाढलं. तळ्यात सोडण्याआधी पिल्लांना अशी सवय लावता येईल का, हे ती पुढच्या उन्हाळ्यात एका शेततळ्यावर पाहणार आहे. खर्च जवळपास काहीच नाही.

वहीत आता तीन वाजताचाही रकाना आहे. तो आखून झाल्यावर कुसुमताईंनी उन्हातलं पिंप सावलीत सरकवू का, असं विचारलं.

"नक्को," तन्वी म्हणाली. चार वर्षांत ती एवढं हैदराबादी शिकली आहे.