उरलेली सोळा वचनं

दानियल मास्तरांनी मला 'थांबा' म्हणायला शिकवलं. हे आधी सांगतो, कारण बाकीचं सांगताना माझं मागंपुढं होणार आहे. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. गाव किनवटच्या पलीकडं. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागलो, तेव्हा मला हाताखाली घेतलं ते मास्तरांनी. ते तिथले कटिंग मास्तर. कापडाइतकाच जीव त्यांनी आणखी एका गोष्टीला लावला होता, ती म्हणजे बायबलमधली वचनं पाठ करणं. रोज थोडी, पण रोज. हे मी लिहितोय तेव्हा त्यांना जाऊन सात आठवडे झालेत.

त्यांच्या पत्नीचा, रूथमावशींचा फोन आला तेव्हा टेबलावर कापडाचे साठ थर होते आणि कटिंग मशीन माझ्या हातात चालू होतं. फोन वाजला की माझ्या तळहातांना घाम सुटतो. गाव लांब, फोन म्हणजे कुणीतरी आजारी, असंच मनात येतं. तरी मी आधी मशीन बंद केलं, सुरी थरांतून बाहेर काढली, हात पुसले आणि मग फोन उचलला. ही सवय मास्तरांचीच. मावशी म्हणाल्या, "गेले रे. पहाटं गेले. हातातलं काम नीट ठिवून ये." मी टेबलाच्या कडेकडं बघितलं. तिथं मास्तरांच्या हातची खडूची अक्षरं तशीच होती... त्या अक्षरांबद्दल शेवटी सांगतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मला कामाला लागून दोन महिने झाले होते. एका शाळेच्या शर्टांसाठी निळ्या चौकडीचं कापड आलं होतं, सुलटी आणि उलटी बाजू वेगळी असलेलं. सगळे थर सुलटी बाजू वर करून पसरले, की शर्टाचा पुढचा भाग, म्हणजे पुढा, आखताना पुठ्ठ्याचा नमुना एकदा सरळ ठेवायचा आणि एकदा पालथा, म्हणजे एक डावा आणि एक उजवा निघतो. त्या दिवशी मास्तरांच्या अंगात ताप होता. त्यांनी नमुना पालथा केलाच नाही. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो आणि मला ते दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. पण माझी जीभ उचलेना. मास्तर तीस वर्षं कापतायत, आपण कालचे आलेलो, आपल्यालाच कळत नसेल, असं म्हणत मी गप्प राहिलो. मशीन फिरलं. साठ थर कापून झाले आणि उजव्यांच्या जागीही साठ डावेच निघाले.

कापड पसरणारा नरसय्या कपाळाला हात लावून म्हणाला, "काय मास्तर, ह्या शाळेतल्या पोरांना उजवी बाजूच न्हाय काय?" कुणी हसलं नाही. मालक आले, खूप बोलले. मास्तर एवढंच म्हणाले, "आखणी माझी, चूक माझी." मी त्यांच्या मागं उभा होतो आणि तेव्हाही गप्पच राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवलं. "तुला दिसलं हुतं न्हवं?" मी मान हलवली. "मग बोलला का न्हाईस?" मी म्हणालो, मी आठवी सोडलेला, तुम्ही मास्तर, मी कसं सांगणार. ते कडक भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "कापड इचारतंय व्हय रे, कितवी शिकलास म्हणून?" मग पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "उद्यापासनं जेवणाच्या सुट्टीत हे धरायचं. मी म्हणणार, तू बोट ठिवून बघणार. जितं चुकंल तितं 'थांबा' म्हणायचं. तुला हीच शिक्षा."

मी घाबरलो. एक तर मला जोडाक्षरं भरभर वाचता येत नव्हती. दुसरं म्हणजे आम्ही बौद्ध. घरी आई सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणते. हे पुस्तक हातात धरलं तर आईला काय वाटेल, हा एक नवाच घोर लागला. मी ते अडखळत सांगितलं. मास्तर म्हणाले, "तुजं तू म्हण की. तुजा धर्म मला नको, तुजे कान दे." पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून पंचशील एका पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, समोर धरलं आणि मला म्हणायला लावलं. चौथ्या ओळीला मी घसरलो तर लगेच, "थांब." लहानपणापासून रोज म्हणत आलो होतो आणि तिथं मी कायम चुकत होतो. कुणी थांबवलंच नव्हतं.

मास्तरांनी त्या वर्षी एकशे एकोणिसावं स्तोत्र हाती घेतलं होतं. पुस्तकातलं सगळ्यात लांब स्तोत्र, एकशे शहात्तर वचनं, आठ-आठ वचनांचे बावीस भाग. लहान स्तोत्रं, डोंगरावरचा उपदेश, पत्रांमधले अध्याय असं बरंच त्यांचं आधीच पाठ होतं. हे मात्र त्यांना दोनदा हरवून गेलं होतं. त्याचं कारण मला पुस्तक धरल्यावर कळलं. देवाचं सांगणं या एकाच गोष्टीला तिथं नियम, विधी, आज्ञा, निर्बंध असे वेगवेगळे शब्द येतात, वचनागणिक बदलतात. एकाच्या जागी दुसरा म्हटला तरी वाक्य सरळ चालतं, कानाला खटकत नाही. मी म्हणालो, "अर्थ तर तोच होतोय की मास्तर." ते म्हणाले, "डावा बी शर्टाचा फुडाच, उजवा बी फुडाच. घालून बघ दोन डावे."

त्यांची पद्धत ठरलेली होती. सकाळी आल्यावर नवं वचन तीनदा वाचायचं. मग टेबलाच्या लाकडी कडेवर खडूनं प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर लिहायचं. दिवसभर काम करताना डोळा त्या अक्षरांवर जाईल, ओठ हलतील. संध्याकाळी अक्षरं पुसायची आणि न बघता म्हणायचं. पुसायला फडकं होतं निळ्या चौकडीचं... त्या साठ डाव्यांतला एक तुकडा त्यांनी मुद्दाम ठेवून घेतला होता.

पहिला आठवडा मी एकदाही 'थांबा' म्हणालो नाही. चुका होत होत्या, बोट अडत होतं, पण मी ते तसंच पुढं सरकवत होतो. शनिवारी त्यांनी सगळं म्हणून संपवलं, शेंगाचटणी चाटून बोट पुसलं आणि म्हणाले, "भाकरीसंगं पाचवं वचन बी खाल्लं की मी. तू बसलास बघत." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तू माजा मान ठिवतोयस, ते कळतंय मला. पर मला मान नको हाय. मला ते वचन पायजे."

सोमवारी ते तिसऱ्या वचनाला घसरले आणि मी 'थांबा' म्हणालो. इतक्या जोरात की शिलाईच्या हॉलमधल्या चार मशिनी थांबल्या. नरसय्या धावत आला, "कुणाचं बोट कापलं?" मास्तर पोट धरून हसले. त्या दिवसापासून नरसय्या मला 'थांबाराव' म्हणायला लागला आणि मास्तरांना 'पाद्री'. "ओ पाद्री, आधी डबा संपवा, देव कुटं पळतोय?" मास्तर म्हणायचे, "देव न्हाय पळत, मी पळतो. डोस्कं पळतं माजं."

एकदा मी विचारलं, पुस्तक जवळ असताना पाठ कशाला करायचं? त्यांनी मशीनला तेल घालता घालता सांगितलं. त्यांचे वडील जेऊर स्टेशनच्या बाजूला रुळांवर गँगमन होते. रूळ तपासत चालताना मोठ्यानं स्तोत्रं म्हणायचे आणि हे मागं मागं. वडील गेल्यावर घरातलं एकुलतं एक बायबल थोरल्या भावाकडं गेलं. "पुस्तक वाटणीत गेलं. माज्याकडं राहिलं ते डोस्क्यातलं. मग म्हटलं, आता हेच वाढवायचं." पुढं नवं पुस्तक विकत घेतलं, तरी सवय सुटली नाही. बायको आजारी होती तेव्हा केली, कामावरून काढलं होतं तेव्हा केली. रोज थोडी.

सात-आठ वर्षं असं चाललं. आठ वचनं नवी घ्यायची, पक्की करायची, मग पहिल्यापासून सगळी म्हणायची. कुठं गडबडलं तर महिना महिना पुढं सरकायचं नाही. त्यात माझं वाचन कधी सुधारलं ते मला कळलंही नाही. पुढं कारखान्यात मी आखणीत चूक दिसली की बोलायला लागलो. मालकांनाही एकदा 'थांबा' म्हणालो. ते रागावले, मग वाकून बघितलं आणि काही न बोलता गेले. माझी भीती गेलेली नाही. अजूनही खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो. पण भीती असतानाही बोलता येतं, एवढं जमायला लागलं.

या उन्हाळ्यात मास्तरांच्या छातीत पाणी झालं. विसावा भाग नुकताच पक्का झाला होता आणि एकविसाव्याचं पहिलं वचन टेबलाच्या कडेवर लिहून त्या दिवशी ते लवकर घरी गेले. परत आलेच नाहीत. मी दवाखान्यात गेलो तेव्हा खाटेभोवती मावशी, जेऊरचे थोरले भाऊ आणि चर्चमधली तीन-चार माणसं होती. मी दाराशीच उभा राहिलो. मास्तरांनी डोळे मिटलेले होते. कुणीतरी प्रार्थना संपवली आणि मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली, एकशे एकोणिसावं, पहिलं वचन. दर दोन शब्दांना दम लागत होता. माणसांनी हात जोडले. मावशींच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि दुसऱ्याच वचनाला मास्तर 'निर्बंध'च्या जागी 'आज्ञा' म्हणाले.

एवढ्या वर्षांत तिथं ते कधी चुकले नव्हते. माझ्या हातात पुस्तक नव्हतं. तरी मला कळलं, आणि कळल्यावर धक्का बसला तो वेगळाच... ते सगळं माझंही पाठ झालं होतं, न करता. इथं परकी माणसं, मी त्यांच्या धर्माचा नाही, समोर माणूस असा पडलेला, आणि चूक तरी केवढीशी. साठ डाव्यांच्या दिवशी जीभ जशी जड झाली होती तशीच झाली. मास्तर तिसऱ्या वचनाकडं निघाले होते.

"थांबा, मास्तर."

थोरले भाऊ वळून म्हणाले, "अवो, माणूस हायसा का कोण? ही काय येळ हाय?" मावशींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. मास्तरांनी डोळे उघडले, मला शोधलं. "कुटं?" म्हणाले.

"दुसऱ्यात. निर्बंध, मास्तर. आज्ञा न्हाय."

त्यांनी दम घेतला. मग पुन्हा पहिल्या वचनापासून सुरू केलं, दुसरं बरोबर म्हटलं आणि तिथंच थांबले. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "पुस्तक कुटं हाय तुज्याकडं?" मी रिकामे हात दाखवले. "मग झालं," म्हणाले आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

आता त्यांच्या जागी मी कापतो. कडेवरची अक्षरं बरीच पुसट झाली आहेत. नरसय्या कापड पसरताना तेवढी कड सोडून पसरतो, मी सांगितलेलं नाही. ती ओळ मी पुसलेली नाही, तिच्या खाली नवी लिहितो. एकविसावा आणि बाविसावा भाग राहिलाय, सोळा वचनं. त्यातली सात झाली. निळ्या चौकडीचं फडकं आता माझ्या खिशात असतं.

रविवारी चर्च सुटल्यावर मावशींकडं जातो. पुस्तक त्या धरतात. त्यांची अडचण अशी, की मी चुकलो तरी त्या नुसत्या मान डोलवत राहतात. परवा मी मुद्दाम एक वचन गाळलं. त्या गप्प. मी म्हणालो, "मावशी, सहावं खाल्लं की मी." त्या म्हणाल्या, "लेकरू एवढ्या लांबनं येऊन म्हणतंय, त्याला कसं अडवू?" मी पुस्तक त्यांच्या हातात सरळ केलं, त्यांचं बोट ओळीवर ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या खेपेला त्या हळूच म्हणाल्या, "थांब."

शेवटच्या वचनात एक हरवलेलं मेंढरू आहे, त्याला कुणीतरी शोधावं असं मागणं आहे. मास्तर तिथवर पोचले नाहीत. मी पोचणार आहे. मास्तर, ज्या दिवशी मावशी मला एकदाही अडवणार नाहीत, त्या दिवशी त्यांना घेऊन तुमच्या कबरीपाशी येईन आणि एकशे शहात्तर वचनं उभ्यानं म्हणून दाखवीन. एक शब्द जरी डाव्याच्या जागी उजवा झाला, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणेन. तुम्ही मला आवाज दिलात, तो मी तुम्हाला असा परत करीन.