आप्पांच्या फटफटीचा उजवा इंडिकेटर

मी गाव सोडलं त्या सकाळी आप्पांनीच, म्हणजे माझ्या वडलांनीच, मला फटफटीवरून न्हावऱ्याला जीपपर्यंत सोडलं. पाठीवर सॅक, मांडीवर गादीची वळकटी. वडगाव रासाईहून कारेगाव काही परदेश नाही, तास-सव्वा तासाचा रस्ता. पण आमच्या घरातली पोर लग्नाआधी एकटी रूम करून कंपनीत कामाला चालली होती, आणि सगळे अंतर त्यावरून मोजत होते. जीप भरली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "शिकलीस त्ये बास हुतं की. हितं काय कमी हाय?"

जीप हलली तरी ते पाठमोरे उभे राहून गाडीला किक मारत होते. गाडी सुरू होत नव्हती.

शिरूरला इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय केला होता, म्हणून कंपनीत मला सोल्डरिंगच्या लाइनवर घेतलं. शेजारी बिहारची रंजू बसायची. माझा टाका चुकला की हळूच म्हणायची, "दीदी, साँस रोको, फिर टाँका लगाओ." श्वास धरून टाका द्यायला मी तिच्याकडून शिकले. सहा वर्षं झाली, सणाला गावी जाऊन आले, पण आप्पा एकदाही कारेगावला आले नाहीत. तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या निघाल्या त्यांना हे ठाऊक असेल. ज्या मागं राहिल्या त्यांना वाटतं आम्ही सुटलो. खरं तर गावाकडचा फोन वाजला की आधी तोंडातून 'सगळे बरे आहेत ना?' हेच निघतं.

तसाच आईचा फोन आला. आप्पा ट्रॉलीवरून उतरताना उजव्या खांद्यावर पडले होते. हाड जुळलं, पण हात कमरेच्या वर जाईना. मूठ वळायची, ॲक्सिलरेटर पिळता यायचा. मागच्याला दाखवायला हात मात्र बाहेर निघायचा नाही. त्या टू-स्ट्रोक गाडीचे इंडिकेटर माझ्या लहानपणापासून बंद. आप्पांचा उजवा हात हाच इंडिकेटर. शेवंतीचे क्रेट घेऊन ते दौंडला जायचे, आणि परतताना गावाकडं वळायला भर रस्त्यात उजवीकडं वळावं लागायचं. मागून उसाच्या गाड्या.

"आज परत धडकता धडकता वाचलं," आई नंतरच्या एका फोनवर म्हणाली. "माझं ऐकत न्हाईत. तू सांग."

मी गाडी बंद करा म्हटलं. आप्पा म्हणाले, "मग मी काय घरात बसून ऱ्हाऊ? आन् फुलं काय उडत जातील बाजारात?"

गाडी सहा व्होल्टची. दिवा लुकलुकवणारा तिचा फ्लॅशर आता कुठंच मिळत नाही. मेकॅनिक म्हणायचे, सगळी वायरिंग बारा व्होल्टची करा, नाहीतर भंगारात घाला. मग मीच शिरूरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून एक टायमर आयसी, म्हणजे ठरावीक वेळानं वीज चालू-बंद करणारी चिप, ट्रान्झिस्टर आणि बारीकसारीक सामान आणलं आणि काड्यापेटीएवढं सर्किट बनवलं. सुट्टीला जाऊन अंगणात बसवलं. चारी दिवे टिकटिक लागायला लागले. आई हसली. आप्पा म्हणाले, "चल मागं बस. दौंडला जाऊन येऊ."

जाताना काही झालं नाही. येताना त्या वळणावर आप्पांनी उजवा इंडिकेटर लावला आणि रस्त्याच्या मधे येऊन गाडी हळू केली. समोरून एक सायकलवाला आडवा आला. त्यांनी हॉर्न दाबला. मी खाली पाहिलं. दिवा विझला होता. हॉर्न थांबला तरी लागला नाही. मागून ट्रकचा आवाज येत होता, आणि तो कमी होत नव्हता. आप्पांना वाटत होतं, मागच्याला दिसतंय. ओरडायला सुचलं नाही. मी उजवा हात खांद्यापासून बाहेर फेकला, होता तेवढा लांब केला. ब्रेकची किंकाळी आली. ट्रक आमच्या डाव्या अंगानं गेला. हवेच्या झोताने गाडी हलली.

वळून आल्यावर आप्पांनी बाभळीखाली गाडी थांबवली.

"घरी लागत हुता ना?"

"लागत होता."

"मग? तुझ्या कंपनीत असला माल खपतो व्हय?"

लाइनवर सुपरवायझरची बोलणी मी पुष्कळ खाल्ली आहेत. हे एक वाक्य आठवडाभर गिळता आलं नाही.

सर्किट काढून मी कारेगावला आणलं. गुरुवारच्या सुट्टीत एक सहा व्होल्टची बॅटरी आणि भंगारातला हॉर्न जोडून बसले. हॉर्न दाबला की दिवा मरायचा. परत दाबला, परत मेला. घरमालकीण जिना चढून आली, "रूममधी हॉर्न कशाला वाजवती गं?" तिला काय सांगणार! जुन्या गाडीचा हॉर्न बॅटरीतली सगळी वीज ओढून घेत होता आणि माझा आयसी उपाशी पडत होता. मग त्याच्यापुरती वीज साठवून ठेवायला मोठा कपॅसिटर लावला, ती मागं पळू नये म्हणून डायोड. जुने बल्ब काढून कमी वीज खाणारे एलईडी घातले.

पुन्हा गावी गेले. आप्पांनी इंडिकेटर लावला आणि हॉर्नवर अंगठा ठेवला तो काढलाच नाही. आई आतून ओरडली, कुत्री भुंकायला लागली. दिवा लुकलुकत राहिला. "व्हय," ते म्हणाले. "आता बसव नीट."

दोन महिन्यांनी, गुरुवारीच, दुपारी खालून हॉर्न आला. गॅलरीतून पाहिलं तर आप्पा.

"नगर हायवेनं आलात? एकटे?"

"मग? दिवे कशाला बसवलेस?"

मी जिना उतरून त्यांना वर आणलं आणि ताट वाढलं. त्यांनी वळणावर मरू नये म्हणून केलेल्या कामानं त्यांना कंटेनरांच्या गर्दीत आणून सोडलं होतं. ओरडावंसं वाटत होतं, आणि ते माझ्या खुर्चीवर बसून भाकरी खात होते, म्हणून ओरडवत नव्हतं. हात धुऊन त्यांनी आईला फोन लावला. "पोचलो. घरीच हाय, पोरीच्या."

साडेतीनला निघाले. मी हायवेपर्यंत चालत गेले आणि ते दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले.

घर म्हणजे आता मला एक जागा वाटत नाही. मधे रस्ता आणि दोन्ही टोकांना त्याच्याकडं कान लावून बसलेलं माणूस, एवढं मिळून ते होतं. पूर्वी आई माझ्यासाठी अशी बसायची. त्या दिवशी मी बसले, फोन मांडीवर घेऊन.

पाचला आईचा फोन आला. "आले गं," एवढंच म्हणाली. मग मी उठले आणि चहा टाकला.