गिळलेला 'नको'

३ मे २०१९ रोजी कोल्हारच्या छगन अमोलिकने विहीर खोदताना दगड-माती वर ओढायची आपली यारी पुणतांब्याच्या आसारामला ६२,५०० रुपयांना विकली. इंजिन ठणठणीत, तार नवी, धंदा जोरात. छगनचे डोके फिरले, असे लोक म्हणाले. खरे म्हणजे त्याला स्वतःच्याच हाताची भीती बसली होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रामहरीच्या पायावर बकेट पडली. छगन वर यारीच्या ब्रेकवर, रामहरी खाली विहिरीत, अशी त्यांची जुनी जोडी. खालून तीनच शब्द यायचे: वढ, थांब, सोड. शब्द आला तरी काठाशी जाऊन वाकून बघायचे, मगच ब्रेकला हात लावायचा, हा छगनचाच नियम. त्या दिवशी दगडांनी भरलेली बकेट कपारीत अडकली. ती मोकळी करायला रामहरी तिच्याखाली शिरला आणि ओरडला, "सोडू नको!" छगनला 'सोड' ऐकू आले. जागचा न उठता त्याने ब्रेक सोडला. 'नको' कानावर आला तो त्यानंतर.

रामहरीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते. विचारील त्याला छगन एवढेच सांगायचा, "तो सोड म्हणला." गावाने ते खरे मानले आणि रामहरीलाच हसले. रामहरीची बायको गोजरबाई तर उठता-बसता म्हणे, "सोताच्या तोंडानं पाय घालवला!"

छगनचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि 'आमची ऋणे आम्हांस सोड' ही ऋणांची ओळ आली, की त्याचे ओठ मिटत. देवाकडे मागायचा तिथला शब्दही 'सोड'च होता. चार वर्षे तो त्याच्या तोंडून निघाला नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांनी ते हेरले. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी छगनला थांबवून घेतले आणि त्याने सगळे सांगून टाकले.

"देव मला माफ करंल का, साहेब?"

"प्रभूने वधस्तंभावरच माफ केलंय, छगनराव. पण तो 'नको' रामहरीचा आहे. त्याचा त्याला परत द्या."

"माझं तोंड फुटायचं न्हाई."

"प्रार्थना करून निघा. प्रभू बरोबर येईल. बोलायचं मात्र तुम्हालाच."

छगन गुडघे टेकून बराच वेळ रडला. उठला, तो थेट रामहरीच्या अंगणात गेला.

"रामहरी, तू 'सोडू नको' म्हणला हुतास. मी वाकून बघितलं न्हाई. अन् तुझा 'नको' मी गिळला."

गोजरबाईच्या हातातला लसूण हातातच राहिला. "भावजी! अन् मी ह्यांनाच चार वर्सं बोल लावत आले?"

"तवाच का न्हाई बोल्लास?" रामहरीने विचारले.

"भ्यालो."

"आन् आता?"

"आताबी भ्यालोय. पन देवानं माझं ऋण सोडलं, ह्ये मनाला पटलं, तवा पाय निगाला."

रामहरीने तोंड फिरवले. मग म्हणाला, "घरात सांगून काय उपेग? हासलं ते गाव. बाजारात बोल."

छगन बोलला. भर बाजारात, टोपी हातात घेऊन, एकही शब्द न गाळता. "येड्या, केस करंल की त्यो तुझ्यावर!" कुणीतरी ओरडले. "करू दे," छगन म्हणाला. त्याचा आवाज कापला नाही. कोल्हारात असा माणूस आहे, हे सांगताना आजही आम्हा गावकऱ्यांची छाती फुगते.

काठी टेकत रामहरी पुढे आला. "झालं का बोलून? आता समद्यांला चहा पाज!"

छगनचा खिसा रिकामा. पैसे रामहरीनेच दिले.

पुढच्या महिन्यात आसारामच्या यारीवर छगन पुन्हा बसला. काठाशी खुर्ची टाकून रामहरी बसलेला. खालून नव्या गड्याचे 'सोड' आले. छगन उठला, काठाशी गेला, वाकला, नीट बघून परत आला.

"बघितलंस?" रामहरीने विचारले.

"बघितलं."

"मग सोड की!"

बकेट अलगद टेकली. त्या रविवारी ऋणांच्या ओळीला छगनचा आवाज असा खणखणीत लागला, की पुढच्या बाकावरच्यांनी वळून पाहिले.

रामहरी म्हणतो, "छगन्या, बाकी समदं सोडलं. चहाचं न्हाई सोडायचो."

त्या चहाचे १४० रुपये छगनकडून रामहरीला अजून येणे आहेत.